शेपटीखाली बघा: दिसलेली फटाकडी नेमकी कोणती?

फटाकडी, म्हणजे पाणथळीच्या दाट गवतात लपत फिरणारा, पाणकोंबडीच्या कुळातला छोटा पक्षी. ती ओळखताना पहिला अडथळा पुस्तकातल्या चित्राचाच होतो. चित्रात पक्षी आडवा उभा असतो, चोचीपासून शेपटीपर्यंत लख्ख उजेडात, मधे गवताची एक काडी नाही. पाणथळीवर हाच पक्षी आपल्याकडे पाठ करून पाणकणसात शिरत असतो. दिसतं ते एवढंच: उडवलेली शेपटी, तिच्या खालचा भाग, दोन पाय आणि नशीब जोरावर असेल तर मान वळवताना चोच. छातीचा रंग सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात वाईट उजेडात दिसतो. तरी बहुतेक जण निर्णय त्यावरूनच करतात.

म्हणून हा आढावा मागून पुढे जाणार आहे. आधी शेपटीखालचा भाग, मग पाय, चोच, पाठ, आणि छाती अगदी शेवटी. नुकतीच दुर्बीण घेतलेल्या आणि एखाद्या तळ्यावर ‘पाणकोंबडीसारखं काहीतरी, पण पाणकोंबडी नव्हे’ असं दिसलेल्या माणसाला यादीत काय लिहावं हे ठरवता यावं, एवढाच त्याचा हेतू आहे.

उमेदवार

महाराष्ट्रात आणि गोव्यात खरा गोंधळ चौघींचा होतो. लाल फटाकडी, म्हणजे इंग्रजी पुस्तकांतली रडी-ब्रेस्टेड क्रेक. तपकिरी फटाकडी, म्हणजे ब्राऊन क्रेक. निळ्या छातीची फटाकडी, जिला हल्ली स्लेटी-ब्रेस्टेड रेल म्हणतात आणि जुनी पुस्तकं ब्लू-ब्रेस्टेड बँडेड रेल म्हणायची. चौथी बेलनची फटाकडी, बेलन्स क्रेक. एका फ्रेंच निसर्गअभ्यासकाचं नाव तिला दिलेलं आहे. मराठी नावं पुस्तकागणिक थोडी बदलतात, त्यामुळे नोंद करताना इंग्रजी नाव ताडून घेतलेलं बरं. शास्त्रीय नावांतही उलथापालथ झाली आहे. लाल आणि बेलनची पूर्वी ‘पोर्झाना’ होत्या, तपकिरी ‘अमॉरॉर्निस’ होती. आता तिघी ‘झापोर्निया’ आहेत. निळ्या छातीचीचं ‘गॅलिरॅलस’ जाऊन ‘लेविनिया’ झालं. घरातलं पुस्तक जुनं असेल तर ही जुळवाजुळव टळत नाही.

तपकिरी फटाकडीचं आणि आपलं नातं जरा खास आहे. कर्नल विल्यम साइक्स यांनी दख्खनमधल्या पक्ष्यांची जी यादी १८३२ मध्ये प्रसिद्ध केली, तिच्यातच या पक्ष्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन आलं. पुढे ही फटाकडी पार चीन आणि व्हिएतनामपर्यंत सापडली, पण विज्ञानाला तिची ओळख झाली ती आपल्या ओढ्यांवरून.

या चौघींना मोजपट्टी लागते, आणि ती लाजरी पाणकोंबडी. नावालाच लाजरी. गावाकडे तिला कुवाकोंबडी म्हणतात. नाल्याच्या कडेला, सोसायटीच्या भिंतीमागच्या डबक्यात, भातखाचराच्या बांधावर ती निवांत फिरते. काळपट पाठ, पांढरा चेहरा, पांढरी छाती आणि पोट, शेपटीखाली विटकरी रंग, पिवळे पाय. लांबी साधारण ३२ सेंमी. आधी हिला मनसोक्त बघून घ्या. ती कशी चालते, शेपटी किती वेळा उडवते, उडताना पाय कसे लोंबतात हे डोळ्यांत बसलं की बाकीच्यांचं वेगळेपण आपोआप टोचायला लागतं.

लांबीच्या हिशेबात तपकिरी २६ ते २८ सेंमी, निळ्या छातीची २५ ते २७, लाल २१ ते २३ म्हणजे साळुंकीएवढी किंवा किंचित लहान, आणि बेलनची १७ ते १९, चिमणीहून जेमतेम मोठी. आकडे खरे आहेत, पण पाणथळीवर त्यांच्या भरवशावर राहू नका. या सगळ्या कुळाचं अंग दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखं चपटं असतं, दाट लव्हाळ्यातून सुळकन निघून जाण्यासाठी. त्यामुळे हाच पक्षी बाजूने गुबगुबीत दिसतो आणि समोरून वळला की एकदम अर्धा होतो. शेजारी धोबी किंवा तुतारी असा एखादा ओळखीचा पक्षी असेल तर माप काढा, नाहीतर मापाला दुय्यम स्थान द्या. अपवाद फक्त बेलनची. ती इतकी छोटी असते की पहिल्या नजरेला ‘हा उंदीर होता का?’ असा प्रश्न पडतो.

शेपटीखालचा भाग

इथे चौघींचे सरळ दोन गट पडतात. एका बाजूला पट्टे, दुसऱ्या बाजूला पट्टे नाहीत.

तपकिरी फटाकडीच्या शेपटीखाली काहीच नसतं. गडद, मळकट तपकिरी रंग, एकसारखा. ना पांढरी रेघ, ना विटकरी छटा. हे ‘काहीच नसणं’ हीच तिची सगळ्यात मोठी खूण. शेपटी उडाली, खाली विटकरी दिसलं तर लाजरी पाणकोंबडी. सपाट तपकिरी दिसलं तर तपकिरी फटाकडी. बाकी सगळ्या खुणा या एका निरीक्षणाच्या मागे उभ्या करा.

उरलेल्या तिघींना पट्टे आहेत, पण सारखे नाहीत. निळ्या छातीची आणि बेलनची, दोघींच्या कुशीपासून शेपटीखालपर्यंत काळ्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्या ठळक उठतात, अंधुक उजेडातही. लाल फटाकडीचे पट्टे मात्र कंजूष असतात. पोटाच्या मागच्या भागात आणि शेपटीखाली काळपट रंगावर बारीक पांढऱ्या रेघा, कुशीवर जवळपास नाहीतच. लांबून तो भाग नुसता काळसर वाटतो. त्यामुळे ‘पट्टे दिसले नाहीत’ आणि ‘पट्टे नव्हते’ यांतला फरक लालच्या बाबतीत फार जपावा लागतो. फोटो असेल तर मोठा करून सावलीचा भाग उजळून बघा. रेघा तिथे सापडतात.

पाय आणि चोच

पायांचा रंग हा दुसरा पुरावा, आणि तो बऱ्याचदा शेपटीबरोबरच मिळतो, कारण पळणाऱ्या फटाकडीचे पाय मागून चांगले दिसतात. लाल फटाकडीचे पाय खरोखर लाल असतात, भडक. चिखलाने माखलेले नसतील तर पाणकणसाच्या सावलीतही चमकतात. तपकिरीचे पाय लालसर तपकिरी, मांसल, कधी जांभळट छटेचे. नर विणीच्या काळात जरा जास्त लाल दिसतो आणि तिथेच घोटाळा होतो, पण लालच्या पायांतली ती चमक त्यांना नसते. निळ्या छातीचीचे पाय करडे, ऑलिव्ह छटेचे, बेलनचीचे हिरवट. हे दोन्ही पाय नजरेत भरत नाहीत. पाय काय रंगाचे होते ते आठवतच नाही अशी अवस्था झाली, तर लाल फटाकडी असण्याची शक्यता बरीच कमी झाली असं समजायला हरकत नाही.

चोचीला मात्र वेगळं महत्त्व आहे, कारण चोच पक्ष्याच्या पोटापाण्याबद्दल सांगते. निळ्या छातीचीची चोच लांब, सरळ, लालसर गुलाबी आणि वरच्या कडेला काळपट. ती चिखलात खुपसून किडे आणि गोगलगायी काढते. बेलनचीची चोच आखूड आणि हिरवी. ती पानांच्या, शेवाळाच्या पृष्ठभागावरचे बारीक कीटक टिपते. एक खुपसते, दुसरी टिपते. चोचीचा रंग दिसला नाही तरी चरण्याच्या पद्धतीवरून या दोघी वेगळ्या काढता येतात, आणि हा फरक शंभर फुटांवरूनही कळतो. तपकिरीची चोच हिरवट, मध्यम. लालची आखूड आणि गडद, बुडाशी थोडी हिरवट.

पाठ, आणि मग छाती

पाठीवर नक्षी आहे की नाही, एवढंच बघायचं. लाल आणि तपकिरी, दोघींची पाठ कोरी: ऑलिव्ह-तपकिरी, एका कुंचल्याने रंगवलेली. निळ्या छातीचीच्या गडद पाठीवर पांढऱ्या बारीक रेघा आणि ठिपके नागमोडी ओळींत असतात. बेलनचीची पाठ विटकरीकडे झुकणारी तपकिरी, तिच्यावर काळे फराटे आणि मधून मधून पांढरे, वेडेवाकडे शिंतोडे.

छातीकडे आलो की कळतं, तिच्यावर विसंबायचं का नाही ते. चारपैकी तिघींची छाती राखाडी-निळसर आहे. तपकिरी फटाकडीचीही छाती राखाडीच, फक्त गळा पांढरा. बेलनची तर चेहऱ्यापासून छातीपर्यंत छान निळसर राखाडी असते, डोळ्याजवळ एक तपकिरी पट्टा. तेव्हा ‘निळसर छाती दिसली’ या वाक्याने एकच गोष्ट सिद्ध होते: ती लाल फटाकडी नव्हती. लाल फटाकडीचा चेहरा आणि छाती चेस्टनट लाल, वाळलेल्या कोकमाच्या सालीसारखी. पण हा रंग सावलीत काळपट तपकिरी होतो आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात तपकिरी फटाकडीलाही लालसर झाक येते. ऊन डोक्यावर आलं की दोघी आत गेलेल्या असतात.

निळ्या छातीचीच्या बाबतीत छातीपेक्षा डोकं बघा. डोक्याचा माथा आणि मानेची मागची बाजू तांबूस विटकरी, त्याखाली राखाडी चेहरा. टोपी घातल्यासारखी ही जोडी बाकी तिघींत नाही.

जोड्या लावून निकाल

लाल की तपकिरी? हा सर्वांत अवघड आणि सर्वांत नेहमीचा प्रश्न. दोघींची पाठ कोरी, दोघींचे पाय लाल वर्गातले, दोघींचे डोळे लाल. आधी शेपटीखाली रेघा शोधा. त्या नसतील आणि गळ्यापाशी पांढुरकं दिसत असेल तर तपकिरी. चेहरा आणि छाती एकाच लाल रंगाची, गळ्यापाशी जेमतेम फिकट, असेल तर लाल. लालची पिल्लं मोठी होताना पंचाईत करतात: त्यांची छाती लाल नसून मळकट, राखाडी-पांढऱ्या चट्ट्यांची असते आणि पाय अजून भडकलेले नसतात. पावसाळ्याच्या शेवटी अशी फटाकडी दिसली तर रेघांशिवाय दुसरा आधार उरत नाही.

निळ्या छातीची की बेलनची? कागदावर दोघी सारख्या वाटतात: निळसर छाती, पट्टेदार कूस, पांढरी नक्षी. प्रत्यक्षात हा प्रश्न क्वचितच पडतो, कारण आकारात फार तफावत आहे. लांब लालसर चोच आणि विटकरी माथा, की आखूड हिरवी चोच आणि चिमणीएवढा देह? एवढ्यावर निकाल लागतो. बेलनची अशी नोंद मे-जूनमध्ये कोणी दाखवली तर फोटो मागावा, कारण आपल्याकडे ती मुख्यतः हिवाळी पाहुणी आहे.

तपकिरी की लाजरी पाणकोंबडीचं वाढतं पिल्लू? नवख्यांच्या बहुतेक ‘तपकिरी’ नोंदी इथे अडकतात. वाढत्या पाणकोंबडीचा चेहरा शुभ्र नसून धुरकट असतो, पाठ तपकिरी, एकूण रूप मळकं. पण शेपटीखाली विटकरी छटा तेव्हाही असते आणि पाय पिवळटच. शेपटीखाली बघण्याचा नियम इथे सर्वांत जास्त उपयोगी पडतो.

आणि काळ्या पिल्लांचं काय? पावसाळ्यात दरवर्षी कोणीतरी एका काळ्याभोर, लोकरीच्या गोळ्याचा फोटो टाकून ‘ही कुठली दुर्मिळ फटाकडी?’ विचारतो. या कुळातल्या बहुतेक जातींची पिल्लं काळ्या पिसांचीच असतात आणि अंड्यातून बाहेर आल्यावर लवकरच घरटं सोडून आईबापांच्या मागे फिरू लागतात. पिल्लावरून जात ठरवण्यात वेळ घालवू नका. थांबा, मोठा पक्षी येईल. बहुतेक वेळा ती लाजरी पाणकोंबडीच निघते.

जागा आणि महिना

इथे प्रत्येकीला सारखी जागा देण्यात अर्थ नाही, कारण तपकिरी आणि बेलनची यांच्याबद्दल सांगण्यासारखं जास्त आहे.

तपकिरी फटाकडी बाराही महिने इथेच असते आणि तिला तळ्यापेक्षा कडा आवडतात. ओढा, पाटाचं पाणी, कालव्याची गळती, बंधाऱ्याखालची ओलसर जागा, काठावर घाणेरी किंवा निर्गुडीची झुडपं. पाणी स्वच्छ असण्याचा तिचा आग्रह नाही, पण झुडपांचा आहे. पहाटे ती झुडपातून निघते, उघड्या चिखलावर येते, मान हलवत आणि शेपटी सतत झटकत चरते, आणि पहिली मोटारसायकल गेली की परत आत. दख्खनच्या कोरड्या पट्ट्यात तिला इतर फटाकड्यांची स्पर्धा कमी असते, त्यामुळे तिथल्या ओढ्यावर पट्टे नसलेली, पांढऱ्या गळ्याची फटाकडी दिसली तर आधी हिचंच नाव मनात यावं. ओढ्यांचं काँक्रिटीकरण आणि तळ्यांभोवतीचं दगडी पिचिंग ज्या गतीने चाललं आहे, त्यात पाणी राहतं आणि झुडपांची कड जाते. फटाकडीला नेमकी तीच हवी असते. सुशोभीकरणाच्या फलकावर तळ्याचं क्षेत्रफळ वाढलेलं दिसतं आणि तपकिरी फटाकडी दिसेनाशी होते, हे एकाच वेळी घडू शकतं.

बेलनची साधारण ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत. तिला तरंगत्या वनस्पती हव्यात: कमळ, कुमुदिनी, जलपर्णीच्या कडा, उथळ पाण्यातलं शेवाळ. वजन इतकं कमी की पानावरून पानावर ती बुडण्याची पर्वा न करता पळते. नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मध्यमेश्वर, जे २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, ठरलं, किंवा गोव्यातलं करमळीचं तळं, अशा उथळ, वनस्पतींनी भरलेल्या पाण्याच्या कडा तिच्यासाठी योग्य. लाजरेपणात ती बाकीच्यांहून वेगळी आहे. उभ्या माणसाला घाबरते, पण बसलेल्या, न हलणाऱ्या माणसाकडे दुर्लक्ष करते आणि चरत चरत कधी कधी इतकी जवळ येते की दुर्बिणीचा फोकस लागत नाही. इतक्या दुबळ्या वाटणाऱ्या पंखांनी, पाय लोंबवत उडणारा हा जीव हिवाळ्यासाठी पर्वत ओलांडून येतो, हे तिच्याकडे बघून खरं वाटत नाही.

निळ्या छातीची किनारपट्टीवर जास्त. कांदळवन, खाजणं, भातखाचरं, खाडीकाठचं गवत. मुंबईत भांडुप पंपिंग स्टेशनचा परिसर किंवा उरणकडची पाणथळ, तिथून खाली कोकण आणि गोवा. ती स्थानिकच, पण पावसाळ्यात, विणीच्या दिवसांत, जास्त बोलते आणि जास्त दिसते. ओहोटीला तिवरांच्या मुळांपाशी उघडा पडलेला चिखल हा तिचा बाजार. ओहोटीची वेळ बघून गेलात तर अर्धं काम झालं.

लाल फटाकडीबद्दल लिहायला कमी आहे, कारण ती दिसतेच कमी. दाट पाणकणीस, लव्हाळी, दलदलीला लागून असलेली भातशेती. आडोशापासून हातभर अंतरावर चरते आणि जरा खुट्ट झालं की आत. चौघींत सगळ्यात लाजाळू कोण, असं विचाराल तर माझं मत हिलाच.

आवाजावर किती विसंबावं

लाजरी पाणकोंबडीचा ‘कुवाक्, कुवाक्’ पावसाळी रात्री झोप मोडतो. त्याबद्दल शंका नको. पण लाल आणि तपकिरी, दोघीही घसरत खाली येणारी थरथरती लकेर काढतात, आणि टिबुकली या छोट्या पाणपक्ष्याची किणकिणती लकेरसुद्धा लांबून तशीच वाटते. म्हणून नुसत्या आवाजावरून या दोघींपैकी एकीची नोंद करू नये असं मला वाटतं, मोबाइलमधलं ॲप कितीही आत्मविश्वासाने नाव दाखवत असलं तरी. निळ्या छातीचीचा आवाज खरखरीत, तुटक, पुन्हा पुन्हा येणारा. बेलनची हिवाळ्यात बहुधा गप्पच.

फोनवर आवाज वाजवून फटाकडी बाहेर काढण्याची पद्धत आता सर्रास दिसते. पक्षी बाहेर येतोही, कारण त्याला वाटतं दुसऱ्याने हद्दीत पाय ठेवला. विणीच्या दिवसांत अंड्यांवरचा पक्षी असा उठवणं मला पटत नाही. शिवाय त्याने ओळख पटायला फारशी मदत होत नाही: चिडलेला पक्षी सुसाट पळतो, आणि आपल्याला हवी असते ती निवांत उडवलेली शेपटी.

पहिली कोणती शोधावी

चारपैकी एकही पाहिलेली नसेल आणि एक सकाळ हातात असेल तर निवड तुम्ही राहता तो तालुका आणि महिना यांवर करा. पुणे, नगर, नाशिक, सोलापूर या बाजूला असाल तर तपकिरी. वर्षभर असते आणि जागा घराजवळ सापडते. हिवाळ्यात वनस्पतींनी भरलेलं तळं जवळ असेल तर बेलनची, कारण बसून राहण्याचं फळ तिच्याइतकं कोणी देत नाही. कोकणात किंवा गोव्यात, पावसाने उघडीप दिल्यावर, निळ्या छातीची. लालच्या मागे मुद्दाम लागू नका. बाकीच्या शोधताना ती कधीतरी समोर येते.

वेळ उजाडण्याआधीची अर्धी घटका किंवा मावळतीची. आभाळ भरून आलेलं असेल तर दुपारही चालते. फिरू नका. पाणकणसात जिथे उंदराच्या वाटेसारखी फट किंवा उघड्या चिखलाची चिंचोळी पट्टी असेल, तिच्यासमोर पाठीवर उजेड घेऊन बसा. त्या पट्टीवरून फटाकडी आडवी पळते तेव्हा बाजू, पाय आणि शेपटीखालचा भाग एकदमच दिसतात. दुर्बीण १० पटींऐवजी ८ पटींची बरी. पक्षी जवळच असतो, उजेड कमी असतो आणि हात स्थिर राहतो. मोठ्या लेन्सचा मोह असलेल्यांनी फोकस आधीच त्या फटीवर लावून ठेवावा.

चौघींबाहेरच्या

जागा चुकलेली वाटली तर यादीबाहेर बघा. पाणथळीऐवजी जंगलात, पावसाळ्याच्या तोंडाशी, लाल डोक्याची आणि लाल छातीची फटाकडी दिसली तर ती इंग्रजीत जिला स्लेटी-लेग्ड क्रेक म्हणतात ती असू शकते. तिच्या पोटावर जाड, ठळक काळे-पांढरे पट्टे असतात आणि पाय लाल नसतात, करडे असतात. लाल फटाकडीशी तिची गल्लत केवळ छातीकडे बघणारेच करतात. पाणकोंबडा, म्हणजे वॉटरकॉक, पावसाळ्यात भातखाचरांत येतो. त्याची मादी पिवळट तपकिरी असते पण चांगली दांडगी, लाजरी पाणकोंबडीहूनही मोठी. रंगीत पाणलावा तर फटाकडीच नव्हे, तरी तोही पाणकणसाच्या कडेला मागचा भाग खालीवर हलवत उभा असतो. खांद्यावरून छातीकडे येणारा पांढरा पट्टा दिसला की प्रश्न मिटतो.

दुर्मिळ नोंदींचा मोह बेलनची आणि निळ्या छातीची या दोघींपाशी होतो. बेलनसारखीच पण चोचीच्या बुडाशी लाल ठिपका असलेली ती लिटल क्रेक; आपल्याकडे अगदी क्वचित. बेलनचीची चोच पूर्ण हिरवी असते, लाल कुठेही नाही, तेव्हा चोचीचा स्पष्ट फोटो नसेल तर लिटल क्रेकचं नाव काढू नये. निळ्या छातीचीसारखीच लांब लाल चोच आणि पट्टेदार कूस, पण पाठीवर पांढऱ्या आडव्या रेघांऐवजी काळे उभे फराटे आणि माथा विटकरी नसून तपकिरी, अशी फटाकडी हिवाळ्यात दिसली तर ब्राऊन-चीक्ड रेलची शक्यता धरावी. महाराष्ट्रात ती विरळाच. अशा वेळी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर ‘रेल/क्रेक स्पे.’ (म्हणजे जात नक्की नाही) एवढीच नोंद टाकून, शेपटीखाली काय दिसलं, पाय कोणते, चोच किती लांब हे टिपणात लिहून ठेवलं, तर तपासणाऱ्याला पुढचा निर्णय करता येतो. नुसतं ‘निळसर छाती होती’ असं लिहिलं तर त्याच्या हाती काही लागत नाही.